मनोऱ्याची भीति

बारामती व इंदापूर या तालुक्यांत मोबाइलचे मनोरे आतां गांवोगांव दिसतात. एखाद्या माडीवर नवा मनोरा उभा राहिला, कीं शेजारीं डोकेदुखी, निद्रानाश, छातींत धडधड अशा तक्रारी सुरू होतात, व त्यांचें खापर मनोऱ्याच्या लहरींवर फोडलें जातें. अशा माणसांस हंसणें योग्य नव्हे. त्यांचें दुखणें खरें असतें. परंतु दुखणें खरें, म्हणून त्याचें मानलेलें कारणहि खरें, असें होत नाहीं.

या लहरी प्रकाशाच्याच जातीच्या, पण त्याहून पुष्कळ दुबळ्या. क्ष-किरणांप्रमाणें शरीरांतील रेणूंचे बंध तोडण्याचें बळ त्यांच्यांत नाहीं. शिवाय आपल्या सरकारनें १ सप्टेंबर २०१२ पासून मनोऱ्यांवरील मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एकदशांशावर आणिली. ‘आम्हांस लहरी जाणवतात’ असें म्हणणाऱ्यांच्या परीक्षाहि शास्त्रज्ञांनीं घेतल्या. त्यांस न सांगतां यंत्र कधीं चालू, कधीं बंद ठेविलें. तें केव्हां चालू होतें हें त्यांस ओळखतां आलें नाहीं, आणि बंद यंत्रापुढेंहि त्रास झाला. लक्षणें खरीं, पण लहरींशीं त्यांचा संबंध सिद्ध नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २००५ सालीं सांगितलें. भीतीनेंहि डोकें दुखतें, हें आपण विसरतों.

माझ्या वर्गांतील एका मुलाचें डोकें नित्य दुखे. समोरच्या मनोऱ्याचाच हा प्रताप, अशी घरच्यांची खात्री. त्यांनीं खाट हलविली, खिडकी बंद केली. मींहि मान डोलाविली. पुढें एके दिवशीं माझ्या ध्यानांत आलें, कीं फळ्यावरील मजकूर तो शेजाऱ्याच्या वहींतून उतरून घेतो! डोळे तपासले, चष्मा लागला, डोकेदुखी थांबली. मात्र त्याचें एक वर्ष वायां गेलें, आणि त्या दोषाचा वांटेकरी मीहि आहें.

साप साप म्हणून भुई धोपटण्यांत हाच खरा धोका आहे. मनोऱ्याविषयीं शंका असल्यास पालकांनीं दूरसंचार खात्याकडे शुल्क भरून मोजणी अवश्य करवावी. तो त्यांचा अधिकार आहे. पण त्याआधीं मुलास वैद्याकडे न्यावें. डोळे, रक्त, झोंप यांची चौकशी करावी. आणि मुलांनो, मध्यरात्रीपर्यंत फोन पाहून सकाळीं डोकें जड झालें, तर मनोऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वीं आपल्या उशाकडे पाहा.