नकाशात पाणी दिसते, फ्लोराइड नाही

बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढताना बालाघाटचा काळा बेसॉल्ट दिसतो. त्यात पाणी साठते ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत. या भेगांचा माग उपग्रहाच्या चित्रांवरून लागतो. भूजल सर्वेक्षण यंत्रणा त्याच आधारे नकाशे करते. काम चांगलेच आहे. पण पाण्यात काय विरघळले, हे उपग्रहाला दिसत नाही. खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असू शकते. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर ते वर्षानुवर्षे पोटात गेले, की मुलांचे दात डागाळतात, पुढे सांधे आखडतात. ओपीडीत रुग्ण कंबरदुखीची गोळी मागतो, आम्ही देतो. पाणी कुठले पितोस, हे विचारायला सवड कुणाला? प्रत्येक बोअरचा तपासणी अहवाल याच नकाशावर चढवावा आणि तो आमच्या टेबलावरही दिसावा.