इटलीत बंद पडलेल्या कारखान्याची यंत्रं आली खेडमध्ये : ‘फॉरेव्हर केमिकल्स’ची भीती किती खरी?

रंग बदललेलं पाणी, उग्र वास, खाडीत तरंगणारे मेलेले मासे. खेड तालुक्यातल्या लोटे परशुराम एमआयडीसीच्या प्रदूषणाची ही ओळख जुनी आहे. माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ च्या अहवालात लोट्याची वेगळी दखल घेतली होती. दाभोळ खाडीतली मासेमारी घटली आणि विषारी घनकचरा मातीत मिसळून घाटात टाकला जातो, असं त्यात नोंदवलं होतं.

आता मात्र चर्चा आहे ती रंग, वास, चव यातलं काहीच नसलेल्या रसायनांची.

विषय काय आहे?

इटलीतल्या त्रिस्सिनो गावात मितेनी नावाचा कारखाना होता. तिथल्या पीएफएएस रसायनांमुळे व्हेनेतो प्रांतात साडेतीन लाखांहून जास्त लोकांचं पिण्याचं पाणी दूषित झालं. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. जून २०२५ मध्ये तिथल्या कोर्टाने ११ जणांना दोषी ठरवून एकूण १४१ वर्षांची शिक्षा सुनावली.

याच कारखान्याची यंत्रसामग्री आणि पेटंट लक्ष्मी ऑरगॅनिक या भारतीय कंपनीच्या उपकंपनीने २०१९ मध्ये विकत घेतली. ती यंत्रं आली लोट्यात.

पीएफएएस म्हणजे काय?

ही हजारो रसायनांची मोठी फॅमिली आहे. नॉनस्टिक तवे, रेनकोट, आग विझवायचा फेस अशा अनेक ठिकाणी ती वापरली जातात. यातला कार्बन आणि फ्लोरिनचा बंध इतका पक्का असतो की निसर्गात तो सहजासहजी तुटत नाही. म्हणून नाव पडलं ‘फॉरेव्हर केमिकल्स’. यातलं पीएफओए हे रसायन माणसात कॅन्सर घडवतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०२३ मध्ये जाहीर केलं.

कोंबड्या, गाई आणि आपण

अमेरिकेत पार्कर्सबर्गजवळ हे प्रकरण उघडकीला आलं ते गाईंमुळे. कंपनीच्या कचरा डेपोशेजारच्या ओढ्याचं पाणी पिऊन एका शेतकऱ्याची जनावरं मरत होती. १९९९ मध्ये रॉब बिलॉट या वकिलाने केस टाकली आणि पुढचं सगळं बाहेर आलं.

नेदरलँड्समध्ये एप्रिल २०२५ मध्ये सरकारी आरोग्य संस्थेने लोकांना सांगितलं, परसातल्या कोंबड्यांची अंडी खाऊ नका. कारण कोंबडी माती उकरते, गांडुळं खाते आणि मातीतलं पीएफएएस अंड्यात उतरतं. भाजीपालाही ते मुळांवाटे शोषून घेतो.

आता आपल्याकडचं घर आठवा. मागीलदारी गावठी कोंबड्या, परसात अळू, गोठ्यात गाय, अंगणात कुत्रा आणि सगळ्यांना पाणी एकाच विहिरीचं.

मग खेडच्या मातीत विष आहे का?

यंत्रं आली म्हणजे प्रदूषणही आलं, असा निष्कर्ष काढता येत नाही. तिथे नेमकं काय बनतं, सांडपाण्यात काय उतरतं आणि ते कोण मोजतं, यावर सगळं अवलंबून आहे.

खरी अडचण या मोजण्यातच आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, पीएफएएसची मर्यादाच नाही. त्यामुळे ‘पाणी पिण्यायोग्य’ असा रिपोर्ट आला तरी तो याबद्दल काहीच सांगत नाही. अमेरिकेने २०२४ मध्ये पीएफओएसाठी लिटरमागे ४ नॅनोग्रॅम इतकी कडक मर्यादा ठरवली.

पाणी उकळून, तुरटी फिरवून किंवा क्लोरीन टाकून ही रसायनं जात नाहीत. आरओ किंवा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनचा फिल्टर ती कमी करतो. पण गोठ्यातल्या गाईला आणि उकिरड्यावरच्या कोंबडीला आरओ कोण लावणार?

मग करायचं काय?

ग्रामसभेत ठराव घ्या. एमआयडीसीभोवतालच्या विहिरी, ओढ्यातला गाळ, शेतातली माती आणि अंडी यांची पीएफएएससाठी चाचणी मागा. रिपोर्ट ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे. आजचा आकडा हातात असेल, तर उद्या तो वाढला की नाही हे कळेल. कंपनीवर खोटा आरोप होत असेल, तर तिलाही हाच आकडा वाचवेल.

त्रिस्सिनोतला कारखाना कित्येक दशकं चालला. भूजलातलं प्रदूषण समोर आलं २०१३ मध्ये. तोपर्यंत लोक ते पाणी पीतच होते.