‘रक्तातच आहे’ म्हणून हात झटकता येणार नाहीत



स्मृतिभ्रंशाचा धोका आधीच सांगणाऱ्या जनुकीय चाचण्यांविषयी या आठवड्यात जो मजकूर प्रसिद्ध झाला, त्यात ‘आनुवंशिक’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो आणि ४५ हा आकडा एकदाही येत नाही, हे गंभीर आहे. जगातील स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण टाळता येतील किंवा त्यांचा आजार लांबवता येईल, असा निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये मांडला. त्यासाठी ज्या चौदा कारणांवर उपाय हवा, त्यांत अपुरे शिक्षण, बहिरेपणा, मधुमेह, रक्तदाब, नैराश्य, एकाकीपणा आणि प्रदूषित हवा येते. भारतात साठी ओलांडलेल्या सुमारे ८८ लाख लोकांना हा विकार असल्याचा अंदाज आहे. त्यांच्या कुटुंबांना तो ४५ टक्क्यांचा आकडा आधी कळायला हवा होता.

जनुकांचे महत्त्व कोणी नाकारत नाही. ‘एपीओई’ या जनुकाचा ‘ई-४’ हा प्रकार आई किंवा वडिलांकडून आला तर अल्झायमरचा धोका काही पटींनी वाढतो, आणि दोघांकडून आला तर त्याहूनही अधिक; तरीही तो असलेल्या अनेकांना हा आजार कधीच होत नाही. छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया, एकसारख्या जुळ्या भावंडांपैकी एकाला झाली, तर जनुके तंतोतंत सारखी असूनही दुसऱ्याला ती जेमतेम निम्म्या किंवा त्याहूनही कमी वेळा होते. उरलेल्या अंतराचा शोध घेणाऱ्या शास्त्रांपैकी एक म्हणजे एपिजेनेटिक्स. जनुकाची अक्षरे न बदलता त्यावर मेथिलसारख्या रासायनिक खुणा चढतात किंवा उतरतात आणि त्यानुसार ते जनुक बोलते किंवा गप्प बसते. आहार, ताण आणि हवा यांचा या खुणांवर परिणाम होतो.

हा पुरावा परदेशातच शोधावा लागतो असेही नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने १९९३ पासून गरोदर माता व त्यांच्या मुलांचा अभ्यास चालू आहे. ज्या मातांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व फार कमी होते, त्यांची मुले नवव्या वर्षी अवधान आणि अल्पकालीन स्मरणाच्या चाचण्यांत मागे पडली. मेथिलच्या खुणा घडवण्याच्या प्रक्रियेला हेच जीवनसत्त्व लागते. मग ‘त्या घरात वेड आहे’ असे म्हणून सोयरीक मोडणाऱ्या समाजाला ‘रक्तातच आहे’ हे आणखी एक हत्यार का द्यावे? आईच्या ताटात काय होते, हा प्रश्न रक्ताच्या आधी विचारला गेला पाहिजे.

आमच्या बेलपाड्यापुरते बोलायचे तर तळोजा औद्योगिक वसाहतीच्या दिशेकडून रात्री येणाऱ्या उग्र वासाची तक्रार खारघर परिसर वर्षानुवर्षे करत आला आहे. त्या ४५ टक्क्यांत प्रदूषित हवेचा वाटा लहान आहे हे खरे. परंतु रक्तदाबाची गोळी माणूस स्वतः घेऊ शकतो, हवा मात्र एकट्याने बदलू शकत नाही. बेलपाड्याला मेट्रोचे स्थानक मिळाले, ही समाधानाची गोष्ट आहे. पण गाडीची वाट पाहताना जी हवा श्वासात जाते, तिचा मेंदूवर काय परिणाम होतो, हे येथील माणसांवरून कोणी तपासायचे?

देशाने ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात ८३ लोकसमूहांतील सुमारे दहा हजार जणांचे जनुकसंच वाचले. त्या प्रकल्पाचे नेतृत्व करणारे बेंगळूरुचे सेंटर फॉर ब्रेन रिसर्च कर्नाटकातील श्रीनिवासपूर तालुक्यात पंचेचाळिशीपुढील ग्रामस्थांच्या मेंदूचा दीर्घकालीन अभ्यास करते. तसा अभ्यास खारघर-तळोजा पट्ट्यात सुरू व्हावा आणि प्रत्येक व्यक्तीच्या जनुकांसोबत तिची श्रवणशक्ती, रक्तदाब, बी-१२ आणि घराबाहेरची हवा यांचीही नोंद त्याच वहीत केली जावी.

— एक वाचक, बेलपाडा (ता. पनवेल)