बटनाला नाव हवं

परवा रात्री मिरजेहून मामांचा फोन आला. एरवी आधी पाऊसपाणी, मग माझ्या पोटाची चौकशी आणि मग गाणं, असा क्रम असतो. या वेळी एकदम, "अरे, माझ्या हिराबाई गेल्या!"

मी दचकलोच. मग कळलं, की हिराबाई बडोदेकरांची त्यांनी फोनवर जमवलेली यादी गेली होती.

घरातल्यांना मामा ठाऊकच आहेत, बाकीच्यांसाठी सांगतो. मामांना लहानपणापासून दिसत नाही. किराणा घराण्याचं वेड. त्यात हिराबाईंचा जन्म मिरजेचा, म्हणजे त्या घरच्याच! कॅसेटच्या काळात प्रत्येक डबीवर मामांनी ब्रेलची पट्टी चिकटवलेली असे. पुढे कंप्युटरवर विनॅम्प आलं आणि मामा राजेच झाले. झेड म्हणजे मागचं गाणं, एक्स म्हणजे सुरू, सी म्हणजे थोडं थांब, व्ही म्हणजे बंद, बी म्हणजे पुढचं. खालच्या ओळीत लागून पाच कळा, माउसला हात लावायला नको. आम्हा भाचरांनाच ते गाणी लावून द्यायचे.

आता फोन आहे. पडद्यावर बोट फिरवलं की टॉकबॅक बोटाखाली काय आहे ते बोलून सांगतं, आणि दोनदा टिचकी मारली की ते बटन दाबलं जातं. मामा यात तरबेज. पण त्यांच्या गाण्याच्या ॲपचं नवं रूप आलं आणि बटनांची नावंच गेली. जिथे 'प्ले' ऐकू यायचं तिथे आता 'अनलेबल्ड बटन'. शेजारीही तेच. मामांनी अंदाजाने एक दाबलं. गाणं लागेना, म्हणून दुसरं गाणं उघडून पुन्हा तेच. ते बटन होतं बदामाचं, म्हणजे आवडत्या यादीतून गाणं काढायचं. एकेक करत सगळी यादी स्वतःच्याच हाताने पुसली गेली.

मी म्हटलं, "मामा, दिवाळीत येतोय ना मी, सगळं परत लावून देतो."

ते जरा थांबले. म्हणाले, "लावून द्यायला माणसं आहेत रे घरात. मला माझं मला लावायचंय."

खरं सांगतो, मला लाज वाटली. कारण मीही सॉफ्टवेअरवरच पोट भरतो. अँड्रॉइडमध्ये चित्राच्या बटनासाठी 'कंटेंट डिस्क्रिप्शन' नावाची एक जागा असते. तिथे 'प्ले' एवढा एक शब्द लिहिला की झालं, टॉकबॅक तो वाचतं. दिसणाऱ्याला काही फरक पडत नाही. घाईच्या दिवसांत ती जागा मी कितीदा रिकामी सोडली असेल, देव जाणे.

आणि हे काही नवं ज्ञान नाही. वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात म्हणून 1999 साली नियम निघाले, त्यातला पहिलाच मुद्दा चित्रांना शब्दांचा पर्याय द्या असा होता. आपल्याकडे 2016 चा दिव्यांग हक्क कायदा खासगी सेवांनाही लागू आहे. एप्रिल 2025 मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असं सांगितलं.

तुम्ही म्हणाल, असे ऐकणारे असतात किती? मला हा प्रश्नच उलटा वाटतो. गाणं ही तर कानाची गोष्ट. तिथे तरी डोळे असण्याची अट कशाला? जिन्याला कठडा लावताना आपण पाय दुखणारी माणसं मोजत बसत नाही. आणि आपण सगळे 'आम्ही आहोत ना मदतीला' असं म्हणत राहिलो, तर बटनाला नाव द्यायची आठवण कंपनीला करून देणार कोण?

म्हणून मी तक्रार लिहिली. 'आपला अभिप्राय मोलाचा आहे' असं ठरीव उत्तर आलंय. पुन्हा लिहीन.

ब्लॉगवाल्या दोस्तांनो, आपणही काही कमी नाही. मागच्या वर्षी कोकणातले तीस फोटो मी इथे टाकले, एकालाही वर्णन नाही! आता एकेक करून लिहितोय. तुम्हीही बघा. आणि एकदा टॉकबॅक चालू करून, डोळे मिटून, आवडतं गाणं लावून बघा. पाच मिनिटं पुरे.

असो. टॉकबॅकमध्ये बिननावाच्या बटनाला आपण स्वतः नाव देऊ शकतो. रविवारी मी व्हिडिओ कॉलवर पडदा बघत होतो आणि मामा नावं देत होते. 'लाव'. 'पुढचं'. बदामाच्या बटनाला त्यांनी नाव दिलंय, 'हात लावू नको'.

पुढच्या अपडेटपर्यंत तरी हिराबाई घरी आहेत.