होतकरू कोणाला म्हणावे?

एखाद्याला 'होतकरू' ठरवायला आपल्या मंठ्यात फार काही लागत नाही. शिवजयंतीच्या टेनिस बॉल स्पर्धेत कोणी चार षटकार ठोकले की संध्याकाळपर्यंत बसस्थानकासमोरच्या हॉटेलात तो आयपीएलमध्ये जाऊन बसलेला असतो. पुढच्या हंगामात दोनदा त्याचा त्रिफळा उडाला की तीच मंडळी, त्याच टेबलावर, 'वाया गेला' असा निकाल देऊन मोकळी होतात. गेली तीन वर्षे मी आपल्या महाविद्यालयाच्या क्रिकेट संघाचे धावफलक लिहितो आहे. मला स्वतःला बॅट धरता येत नाही हे सर्वश्रुत आहे; पण जो खेळत नाही त्याला पाहायला वेळ मिळतो. वरील दोन्ही निकालांना माझा आक्षेप आहे, आणि तो मांडण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आपल्या जिल्ह्यापासूनच सुरुवात करू. जालन्याच्या विजय झोल याने 2011 साली कूचबिहार करंडकात महाराष्ट्राच्या एकोणीस वर्षांखालील संघाकडून आसामविरुद्ध नाबाद 451 धावा केल्या. नाबाद चारशे एक्कावन्न! पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियात युवा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता, आणि 2014 साली संयुक्त अरब अमिरातीत झालेल्या विश्वचषकात तर तो भारताचा कर्णधारच होता. जालन्याचा मुलगा देशाचा कर्णधार, ही गोष्ट आपल्या मुलखात साधी नव्हती. मात्र भारताच्या ज्येष्ठ संघापर्यंत तो पोचला नाही. यावरून त्याला नावे ठेवणारे पुष्कळ भेटतात. मला त्यांचे आश्चर्य वाटते. एकोणिसाव्या वर्षापर्यंत जे जे करता येण्यासारखे होते ते त्याने केले. त्यापुढचे आपणच त्याच्या नावावर लिहून ठेवले होते, आणि ते वटले नाही म्हणून त्यालाच कर्जबाजारी ठरवतो आहोत.

त्याच 2014 च्या संघाची यादी पुढे ठेवून पाहावी. श्रेयस अय्यर, संजू सॅमसन, कुलदीप यादव, दीपक हुडा, सर्फराज खान ही सगळी मंडळी तिच्यात आहेत. तो संघ उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडकडून हरला. संजू 2015 साली भारताकडून खेळला, तर कुलदीप आणि श्रेयस 2017 साली. सर्फराज त्या संघात जेमतेम सोळा वर्षांचा होता, आणि त्याला कसोटीची टोपी मिळाली 2024 साली राजकोटला, म्हणजे दहा वर्षांनी! ती यादी हाती घेऊन त्या वेळी कोणी पुढचा क्रम लावायला सांगितला असता, तर भल्याभल्या जाणकारांची उत्तरपत्रिका कोरी राहिली असती.

मग भविष्य सांगूच नये काय? तसे माझे म्हणणे नाही. अमेरिकेत हा रीतसर धंदाच आहे. तिकडे बेसबॉलच्या तीस मोठ्या संघांच्या हाताखाली धाकट्या संघांची उतरंड असते. 2021 पासून प्रत्येक मोठ्या संघाला चार याप्रमाणे असे एकशेवीस धाकटे संघ आहेत. या पोरांतून उद्या कोण वर जाईल याच्या याद्या लोक दरवर्षी हौसेने करतात. त्या वाचताना मला एक गोष्ट फार आवडली. जाणता माणूस आकड्यांआधी वय विचारतो. विशीचा मुलगा चोविशीच्या मुलांत साधारण खेळत असेल तर तो आशेचा. पंचविशीचा गडी विशीच्या पोरांना झोडपत असेल तर त्या धावांना अर्धेच मोल द्यायचे. एवढी काळजी घेऊनही ते चुकतात. 1980 साली बिली बीन नावाच्या उमद्या, देखण्या मुलाला न्यूयॉर्क मेट्सने पहिल्याच फेरीत उचलले होते. खेळाडू म्हणून त्याचे काही जमले नाही; पुढे व्यवस्थापक म्हणून मात्र त्याने नाव काढले. उलट 1988 साली माईक पियाझा याचे नाव बासष्टाव्या फेरीत, एक हजार तीनशे नव्वदावे आले, आणि 2016 साली तो बेसबॉलच्या मानकऱ्यांच्या दालनात जाऊन बसला.

वयाचा मुद्दा आपल्याकडे तर अधिकच गुंतागुंतीचा. आपल्या वडिलांच्या पिढीत निम्म्या गावाचा जन्म एक जूनचा! गुरुजींनी शाळेत नाव घालताना जी तारीख टाकली ती टाकली. आता जन्मदाखले आले, तरी दुसरी अडचण आहेच. एकोणीस वर्षांखालील क्रिकेटची वयोमर्यादा एक सप्टेंबरपासून मोजतात. म्हणजे सप्टेंबरात जन्मलेला आणि पुढच्या ऑगस्टात जन्मलेला हे दोघे एकाच गटात. चौदाव्या-पंधराव्या वर्षी हे अकरा महिने म्हणजे तीन बोटे उंची आणि मनगटातले बळ! कॅनडात आइस हॉकीच्या बाबतीत हे 1985 सालीच दाखवून झाले आहे. तिथे गट एक जानेवारीपासून मोजत. निवडलेल्या मुलांत जानेवारी ते मार्च या महिन्यांत जन्मलेल्यांचाच भरणा निघाला. आपण ज्याला गुणवत्ता म्हणून हार घालतो ती पुष्कळदा थोडी आधी फुटलेली मिशी असते.

हे सारे समोर ठेवून मी आपल्याच संघाचा हिशेब मांडून पाहिला. नावे मुद्दाम देत नाही. मला याच गावात राहायचे आहे.

सर्वाधिक धावा आमच्या सलामीवीराच्या. तो बावीस वर्षांचा आहे, शेवटच्या वर्षाला आहे, आणि त्याच्या निम्म्याहून अधिक धावा आपल्याच मैदानावर डाव्या अंगाच्या आखूड सीमारेषेकडे निघालेल्या आहेत. मॅटिंगवर चेंडू एकसारखा उसळतो, आणि तो पुल करायला टपलेलाच असतो. चांगला खेळाडू आहे, पण मी त्याला पहिला नंबर देणार नाही. उंचापुरा द्रुतगती गोलंदाज सर्वांचा लाडका. दोन षटके वादळ, तिसऱ्यापासून वाऱ्याची झुळूक. आठव्या क्रमांकावर येणाऱ्या यष्टिरक्षकाला वर्षभरात फलंदाजीच मिळाली नाही म्हणावी इतकी कमी मिळाली. त्याच्याविषयी बोलायचे तर आधी त्याला चौथ्या क्रमांकावर पाठवा.

माझी पहिली पसंती ऐकून आमचा कर्णधार हसला. प्रथम वर्षाचा, एका तांड्यावरून रोज येणारा डावखुरा फिरकी गोलंदाज. वय अठरा, पूर्ण हंगामात बळी नऊ. नऊच. पण धावफलकात सुटलेल्या झेलासाठी रकाना नसतो. म्हणून मी पेन्सिलीने एक ठिपका देत असतो. या मुलाच्या नावापुढे सात ठिपके आहेत. लेदरचा चेंडू त्याने कॉलेजात आल्यावर प्रथम हातात धरला. याआधी टेनिस चेंडूवर ज्या युक्त्या चालत त्या त्याने एका पावसाळ्यात टाकून दिल्या आणि चेंडूला उंची द्यायला शिकला. जो इतक्या लवकर शिकतो त्याच्यावर मी पैज लावीन.

आता कोणी म्हणेल, अठरा वर्षे झाली, क्रिकेटमध्ये आता कसला प्रवेश? ज्यांना जायचे ते पंधराव्या वर्षीच पुण्याच्या अकादमीत गेले. हे ऐकले की मला आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आठवतो. बारावीनंतर तो सैन्यात गेला. शर्यतीत उतरला तो 2015 साली, सैन्यातल्या क्रॉस कंट्रीत, वयाच्या विशीनंतर. पुढे 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने रौप्यपदक घेतले, वेळ 8 मिनिटे 11.20 सेकंद, आणि 2023 साली हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक. त्याच्या सतराव्या वर्षी मराठवाड्यातल्या होतकरूंची कितीही लांब यादी केली असती तरी तीत त्याचे नाव आले नसते. बीडमध्ये जन्मलेले संजय बांगर रेल्वेकडून खेळत कसोटीपर्यंत गेले, आणि 2002 साली हेडिंग्लेच्या ढगाळ हवेत सलामीला येऊन त्यांनी काढलेल्या 68 धावा जुनी मंडळी अजून सांगतात. तेव्हा ते एकोणतीस वर्षांचे होते. उलट बीडच्याच सचिन धसने 2024 च्या युवा विश्वचषकात, उपांत्य सामन्यात 4 बाद 32 अशी अवस्था असताना 96 धावा केल्या. त्याला आताच डोक्यावर घेऊ नये आणि दोन वर्षांनी खालीही आपटू नये, एवढी माझी विनंती आहे.

या ठिकाणी महाविद्यालयाचा प्रश्न येतो. याद्या करणारे ज्या वयात मुलांचा नाद सोडतात, नेमक्या त्या वयात ती मुले आपल्याकडे येतात. सुनील गावसकर 1971 साली वेस्ट इंडीजमध्ये 774 धावा करण्यापूर्वी मुंबई विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठीय सामने खेळत होते. त्या काळी हीच वाट होती. आज आपल्या मुलाच्या वाट्याला काय येते? आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बाद पद्धतीची, पहिला सामना हरलो की दुपारच्या एस.टी.ने परत. एका डावावर वर्षाचा निकाल! त्या डावात पंचाचे बोट चुकून वर गेले तर मुलगा 'वाया गेला', आणि घरचे म्हणतात, पुरे झाले आता, कापूस वेचायला चल. त्यांचेही चुकत नाही. त्यांना कोणी सांगितलेलेच नसते की हा निर्णय एका डावावर झाला आहे.

आधी पदवी, मग खेळ, असे आमचे काही प्राध्यापक म्हणतात. मला ते मान्य आहे. मुलांनी अभ्यास सोडावा असे मी म्हणत नाही, आणि कोणाच्या वडिलांनी जमीन गहाण टाकून अकादमीची फी भरावी असे तर मुळीच म्हणत नाही. उलट घाईने होतकरू ठरवल्यानेच ती फी भरली जाते. माझी मागणी लहान आहे. परतूर, सेलू, जिंतूर, लोणार इथल्या महाविद्यालयांशी मिळून वर्षाला पाच-सहा सामने लेदर चेंडूवर व्हावेत, आणि प्रत्येक खेळाडूची नोंद एका वहीत राहावी: वय, समोरचा संघ, खेळपट्टी माती की मॅटिंग, सुटलेले झेल, मागच्या वर्षापेक्षा नवे काय शिकला. वही मी आणलेली आहे; शंभर पानी, साठ रुपयांची. यंदाची नऊ पाने भरली आहेत. माझे हे शेवटचे वर्ष, तेव्हा जूनमध्ये ती लिहिण्यासाठी क्रीडा विभागाने कोणीतरी नेमावा. अक्षर बरे असले तर उत्तम, नसले तरी चालेल; पेन्सिल मात्र त्याने बरोबर ठेवावी.