मोहरीचा दाणा आणि पाकिटाची हमी

सातारा येथील एका अभ्यासवर्गात एका तरुण कार्यकर्त्याने असे मत मांडले की, तेल, मोहरी, हळद या जिनसांची सुटी विक्री कायद्याने समूळ बंद झाल्याखेरीज भेसळीला आळा बसणार नाही. त्याच्या हेतूविषयी शंका नाही. परंतु हा उपाय कोणाच्या सोयीचा आहे, हे समाजवादी कार्यकर्त्याने तरी तपासून पाहिले पाहिजे.

१९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या तेलाची भेसळ झाली आणि अंगावर सूज येऊन साठांहून अधिक माणसे दगावली. त्याच वर्षी केंद्र सरकारने खाद्यतेल बंद पाकिटातूनच विकावे, असा आदेश काढला. यंत्रे व छाप परवडणारे गिरणीमालक त्यातून सहज निभावले. गावोगावच्या घाणेवाल्यांना तो जड गेला.

साताऱ्याहून पुढे सांगलीस गेलो, तेव्हा गणपती पेठेतील एका पिढीजात मसाल्याच्या दुकानात तासभर बसण्याचा योग आला. सांगलीची खरी मिजास हळदीची. २०१८ साली तिला भौगोलिक मानांकनही लाभले. मोहरी मात्र परमुलखाची. देशातील सुमारे निम्मी मोहरी एकटे राजस्थान पिकवते. आपल्याकडे तिचे तेल कोणी फारसे खात नाही; ती फोडणीला लागते आणि तिची डाळ लोणच्याला. मालकांनी पितळी ताटात मूठभर मोहरी पसरली आणि शेजारी धोत्र्याचे चार दाणे ठेवले. दोन्ही काळपट, दोन्ही गोल. "सर, नुसत्या नजरेला फसायला होतं, बोटाला कळतं," ते म्हणाले. आणि खरेच, मोहरीचा दाणा बोटाखाली गुळगुळीत लागतो, धोत्र्याचा खरबरीत.

परंतु ही पारख करणारे हात मालकांचे नव्हते. मागल्या सोप्यात पाचजणी सुपे घेऊन पाखडत, निवडत बसल्या होत्या. तिघी मोलाने आलेल्या, दोघी घरच्या सुना. मोलकरणींना मजुरी मिळते ती निवडलेल्या मालाच्या वजनावर. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे थांबावे. जी बाई दाणा न् दाणा पाहील तिचा रोज बुडेल, आणि जी भराभर सूप हलवील तिची कमाई वाढेल. म्हणजे ज्या काळजीवर दुकानाचे नाव उभे आहे, तिचाच दंड त्या बाईला भरावा लागतो. सुनांना तर काहीच मिळत नाही. ते घरचे काम! पिढीजात धंद्याचे गोडवे गाणाऱ्यांच्या हिशेबात ही बाब कधी येत नाही. पाचजणींपैकी एकीचेही नाव वहीत नव्हते.

मग पाकीट बरे, असे कोणी म्हणेल. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँगने दोन बड्या भारतीय कंपन्यांच्या काही मसाल्यांची विक्री थांबविली, कारण त्यांत इथिलीन ऑक्साइड हे कर्करोगकारक कीटकनाशक सापडले. तो माल सुटा नव्हता. छापील, मोहोरबंद पाकिटांतलाच होता. पाकीट कोणी बंद केले एवढेच त्यावरून कळते, आत काय आहे ते तपासल्याखेरीज कळत नाही.

तपासणीही काही राजेशाही खर्चाची नव्हे. तेलात धोत्रा असला तर नायट्रिक ॲसिडने ते तांबूस होते, ही परीक्षा महाविद्यालयाच्या साध्या प्रयोगशाळेतही करता येते. प्रत्येक बाजार समितीच्या आवारात अशी सोय असावी आणि घाणेवाल्याला वा किरकोळ दुकानदाराला ती नाममात्र शुल्कात मिळावी, ही मागणी आपण का लावून धरत नाही?

तिच्याबरोबरच दुसरी मागणी हवी: निवडणीची मजुरी वजनावर न देता दिवसावर द्यावी. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांच्या नोंदणीचा व मजुरीचा प्रश्न मंडळाकडे आणला, तो हमाल संघटित झाले म्हणून. सोप्यात बसून पाखडणाऱ्या बायका किती, हे सांगली-साताऱ्याच्या शाखांनी आधी पेठापेठांतून फिरून मोजावे, आणि त्या मोजणीत घरच्या सुनांना वगळू नये.