अंगासारखे बेतावे

या विषयावर वार्षिक अंकात लिहावे की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. मैत्रिणी म्हणाल्या, "सर काय म्हणतील?" परंतु ज्या वस्त्रावाचून आम्हा मुलींचा एकही दिवस जात नाही, त्याविषयी बोलायची लाज वाटावी आणि ते दिवसभर रुतत राहिले तरी निमूट सोसावे, हा न्याय मला पटत नाही. विषय आहे ब्रेसियरचा, त्यातही तिच्या पट्ट्याचा.

माझ्या पाठीचा कणा लहानपणापासून थोडा वाकडा आहे. उजव्या बरगड्या पाठीकडे फुगलेल्या आणि छातीचा पिंजरा खाली रुंद. दुकानात मापे मिळतात ती 32, 34, 36 अशी. पट्टा चढला तर वर सरकतो, नाही सरकला तर रुततो. एका दुकानदाराने "ताई, तुमचंच अंग वेगळं आहे," असे सांगून खोका मिटला. कित्येक वर्षे मलाही ते खरेच वाटत होते.

डोळे उघडले ते आजीमुळे. तिची खणाची चोळी पुढे गाठीची. अंग भरले की गाठ सैल करायची, उतरले की आवळायची. ती म्हणाली, "आमच्या येळंला अंग बघून चोळी बेतायचे. चोळी बघून अंग न्हाई."

मग मी टेप घेऊन बसले. छातीखाली माप भरले 28 इंच आणि त्याखाली दोन इंचांवर 31. म्हणजे सरळ पट्टी माझ्या अंगावर बसणार कशी? ती अरुंद जागेकडे वर सरकणारच. कागदाची 28 इंचांची पट्टी घेतली, खालच्या कडेकडून सहा ठिकाणी वरपर्यंत चिरली आणि प्रत्येक चीर अर्धा इंच उघडली. उजवी बाजू जास्त फुगलेली, म्हणून तिकडे चार चिरा, डावीकडे दोन. पट्टी पंख्यासारखी वळली. वरची कड 28 इंचच राहिली, खालची 31 झाली. जुन्या सुती पातळाच्या कापडावर धावदोरा घालून पाहिले. कडेला इंचभर माया ठेवली. श्वास घेता यावा म्हणून मागे थोडे कापड कमी करून इलॅस्टिक लावले. पहिला पट्टा काखेत रुतला, दुसरा सैल झाला, तिसरा बसला. भार मुख्यतः पट्ट्यानेच पेलायचा असतो. तो नीट बसला, तेव्हा खांद्यांवरचे वळही गेले.

शिवणामुळे कणा सरळ होत नाही. त्यासाठी डॉक्टरच हवेत. तयार कपडा स्वस्त आणि सोयीचा असतो, हेही मला मान्य आहे. पण तो बसला नाही तर दोष कोणाचा? खोक्यावरचे आकडे कारखान्याच्या सोयीचे असतात. ते काही शरीराचे प्रगतिपुस्तक नव्हे. ज्या परदेशातून हे वस्त्र आले, तिथेही त्यात घरच्या सुईचा वाटा आहे. अमेरिकेतील मेरी फेल्प्स जेकब या तरुणीने दोन रेशमी हातरुमाल आणि फीत जोडून आपल्यापुरते ते बनवले आणि 1914 साली त्याचे पेटंट मिळवले.

शिवणकाम हलके, असे मानणाऱ्यांनी नर्सीची आठवण ठेवावी. ज्यांचे गाव म्हणून आपल्या हिंगोली जिल्ह्यातील नर्सीला आपण वंदन करतो, ते नामदेव शिंप्याच्याच घरातले होते. आपण वर्गात त्यांचे अभंग अभ्यासतो आणि सुई मात्र 'कमी शिकलेल्यांची' समजतो!

म्हणून प्राध्यापकांना माझी नम्र विनंती आहे. मुलींच्या विश्रांतिकक्षात एक शिलाई मशीन आणि एक टेप असावी, आठवड्यातून एक तास माप घेणे व कापड बेतणे शिकवावे. एखादीला त्यातून चार पैसे मिळतील. पण त्याहून मोठा लाभ हा की, कपडा बसला नाही म्हणून कुणी मुलगी आरशासमोर स्वतःला दोष देत उभी राहणार नाही. ती कात्री हातात घेईल.